गाडी घेण्याआधी एक सीट विकत घ्या: पणजीच्या एका दिवसाच्या टूरमधून शिकलेला धंदा



दोन-तीन महिन्यांपूर्वी दुकान बंद करता करता एक फोन आला. सावंतवाडीजवळच्या गावातला पोरगा, वय सव्वीस. आपले व्हिडिओ नियमित बघणारा. म्हणाला, "दादा, बारा सीटर गाडी घेतोय. सिंधुदुर्गात उतरलेले टुरिस्ट उचलायचे, पणजी दाखवायची, संध्याकाळी मांडवीत बोटीची फेरी, रात्री परत सोडायचं. बँक कर्ज देतेय. बाबांचे रिटायरमेंटचे चार लाख डाउन पेमेंटला घालतोय. फक्त तुम्ही एकदा हो म्हणा."

आयडिया वाईट नव्हती. मालवण-वेंगुर्ल्याला येणाऱ्या कुटुंबांना एक दिवस गोवा बघायचाच असतो. मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून त्या भागातली ये-जा वाढलीय. कोकण रेल्वेचं सावंतवाडी रोड स्टेशन जवळ. सावंतवाडी ते पणजी अंतर साधारण 60 किलोमीटर. सगळं जुळत होतं.

तरी मी हो म्हणालो नाही. त्याचं कारण आधी सांगतो, कारण ते माझ्याच चुकीचं आहे.

2019 ची माझी चूक

2019 च्या दिवाळीत अशाच एका दर्शकाने मला विचारलं होतं. टुरिस्ट गाडी घेऊ का? मी तेव्हा नवीन नवीन ट्रेनिंग देत होतो, जोश भरपूर होता. त्याची आकडेमोड न बघताच मी म्हणालो, "घे बिनधास्त, धाडस केल्याशिवाय धंदा होत नाही." त्याने घेतली. मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागला. गाडी अंगणात उभी, हप्ते चालू. काही महिने सवलत मिळाली, पण व्याज थांबलं नाही. शेवटी गाडी गेली आणि सोबत बायकोचे दागिनेही गेले.

कोरोना येणार हे मला माहीत नव्हतं, बरोबर. पण वर्षात तीन-चार महिने पावसाळा असतो, हे तर माहीत होतं ना? मी तेवढंही विचारलं नव्हतं. हा लेख लिहिण्याआधी मी त्याला फोन केला. तो आता दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर आहे. म्हणाला, "लिहा सर. आणि एवढं नक्की लिहा, की भाडं असो नसो, हप्ता पाच तारखेला येतोच."

म्हणून सावंतवाडीच्या पोराला मी सांगितलं, "हो-नाही नंतर. आधी तू आणि मी, दोघं गिऱ्हाईक म्हणून एक टूर करू. पूर्ण पैसे भरून. वही आणि पेन घेऊन ये."

सकाळचा पहिला धडा: वाट बघणारा माणूस

आम्ही आदल्या रात्री पणजीत मुक्काम केला. टूर स्मॉल ग्रुपची होती, म्हणजे बारा सीटची गाडी, जास्तीत जास्त बारा माणसं. मोठ्या बसची टूर स्वस्त पडते, पण तिच्यात चाळीस माणसं चढेपर्यंत आणि उतरेपर्यंतच अर्धा तास जातो.

सकाळी 8:50 ला मोबाईलवर मेसेज आला. गाडीचा नंबर, ड्रायव्हरचा फोन, कुठे उभं राहायचं ते, आणि एक ओळ: खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे घाला, चर्चमध्ये लागतं. आम्ही कदंब बसस्टँडजवळ उभे होतो. गाडी नऊला यायची ती 9:20 ला आली. पण 9:05 ला ड्रायव्हरचा फोन आला होता की एका हॉटेलवर उशीर झालाय, पंधरा मिनिटं लागतील.

मी पोराला विचारलं, "राग आला का तुला?" म्हणाला, "नाही, त्यांनी कळवलं ना."

हे वहीत लिहा. उशिराने गिऱ्हाईक चिडत नाही, न कळवल्याने चिडतं. माझ्या दुकानातही हेच आहे. ऑर्डरचा माल एक दिवस उशिरा येणार असेल आणि मी आधी फोन केला तर लोक ऐकून घेतात. ते दुकानात येऊन मोकळ्या हाताने परत गेले तर मात्र पुन्हा येत नाहीत.

गाडीत आम्ही धरून नऊ जण. नाशिकचे एक रिटायर्ड काका-काकू आणि काकांची मोठी बहीण, सगळे त्यांना आक्का म्हणत होते. बेळगावचं चौघांचं कुटुंब. आणि आम्ही दोघं. तीन सीट रिकाम्या. त्या तीन सीटवर आपण नंतर येऊ, कारण सगळा धंदा तिथेच आहे.

गाईडने काय विकलं

गाईड पन्नाशीचे गोंयकार. गाडीत चढताच त्यांनी एकच प्रश्न विचारला, "आधी ओल्ड गोवा कोणी कोणी पाहिलाय?" चार हात वर गेले. मग म्हणाले, "ठीक आहे, मग पाठ केलेलं सांगत नाही."

ओल्ड गोव्यात बॉम जीझस बॅसिलिका. बांधकाम 1594 ला सुरू झालं, 1605 मध्ये पूर्ण झालं, सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष इथे आहेत, ही माहिती मोबाईलवर फुकट मिळते. गाईडने ती दोन मिनिटांत संपवली आणि आम्हाला बाहेरच्या भिंतीजवळ नेलं. "हात लावून बघा. हा कुठला दगड?" आमचा सावंतवाडीचा पोरगा लगेच म्हणाला, "जांभा! आमच्या घराचा आहे तोच." बाहेरून गिलावा नाही, उघडा जांभा दगड. बेळगावच्या मुलांनीही हात लावून पाहिला. ज्या इमारतीपुढे लोक सेल्फी काढून दहा मिनिटांत निघतात, तिथे आमचा ग्रुप अर्धा तास रमला.

समोर से कॅथेड्रल. 1562 मध्ये सुरू होऊन 1619 मध्ये पूर्ण झालेलं. गाईड म्हणाले, "समोरून नीट बघा, काय कमी आहे?" मुलांनी ओळखलं, एका बाजूला मनोरा आहे, दुसऱ्या बाजूला नाही. दुसरा 1776 मध्ये पडला, पुन्हा बांधलाच नाही. जो राहिला त्यात मोठी घंटा आहे, तिला सुवर्णघंटा म्हणतात. ही सगळी चर्च आणि मठ 1986 पासून जागतिक वारसा यादीत आहेत.

आता यात धंद्याचं काय? बघा, चर्च गाईडचं नाही. आत जायला तिकीटही नाही. रस्ता सरकारचा, नदी देवाची. टूरवाला खरं म्हणजे स्वतःच्या मालकीचं काहीच विकत नाही. तो विकतो क्रम, वेळ आणि सांगण्याची पद्धत. चाळीस माणसांत "काय कमी आहे ओळखा" हा खेळ होत नाही, नऊ माणसांत होतो. स्मॉल ग्रुपचा जास्त दर गिऱ्हाईक याच गोष्टीसाठी देतं. नऊ जण घेऊन तुम्ही चाळीस जणांसारखंच पाठांतर ऐकवणार असाल, तर जास्त दर कशाचा?

जेवण, चढ आणि गल्ल्या

ओल्ड गोव्याहून पणजीला येताना रायबंदरचा जुना रस्ता घेतला. सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी नदीकाठच्या पाणथळ जागेत बांधलेला हा बंधारावजा रस्ता आजही वापरात आहे. गाडी हळू केली, थांबवली नाही. दोन मिनिटांत खारफुटी दिसली, नदी दिसली, गोष्ट सांगून झाली. खर्च शून्य. प्रत्येक टूरमध्ये अशा फुकटच्या दोन-तीन जागा शोधून ठेवायच्या.

जेवण टूरच्या दरात धरलेलं नव्हतं. आधी मला हे खटकलं. पण गाईडने आदल्या दिवशीच सगळ्यांना विचारून ठेवलं होतं, व्हेज कोण, मासे खाणार कोण. साधी खानावळ, फिश थाळी, सोलकढी. आक्कांसाठी वेगळी शाकाहारी थाळी सांगून ठेवलेली. ज्याने त्याने आपले पैसे दिले, कोणी कुरकुर केली नाही. पोराने वहीत लिहिलं: "जेवण बाहेर ठेवलं तर दर कमी दिसतो, आणि मीठ जास्त झालं तरी शिवी आपल्याला नाही."

दुपारी पणजी शहर. राजधानी ओल्ड गोव्यातून अधिकृतपणे इथे आली 1843 मध्ये. इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चच्या पांढऱ्या नागमोडी पायऱ्या तुम्ही सिनेमात पाहिल्याच असतील. इथे आक्कांचे गुडघे आडवे आले. गाईडने त्यांना समोरच बागेच्या कडेला सावलीत बसवलं, ड्रायव्हरला जवळ थांबवलं आणि बाकीच्यांना वर नेलं. परत आल्यावर आक्कांना एकट्यांनाच पाच मिनिटं चर्चची गोष्ट पुन्हा सांगितली. नाशिकचे काका नंतर मला म्हणाले, "पुढच्या वेळी मुलाला पाठवीन यांच्याकडेच." लक्षात घ्या, ही जाहिरात झाली, आणि तिला एक रुपया लागला नाही.

नदीकाठचं जुनं सचिवालय म्हणजे मूळ आदिलशहाचा वाडा. शेजारीच अबे फारियांचा पुतळा, एका स्त्रीवर हात रोखून उभे. कांदोळीत 1756 मध्ये जन्मलेला हा गोंयकार पाद्री संमोहनशास्त्राच्या सुरुवातीच्या अभ्यासकांपैकी एक. बेळगावची मुलं तिथून हलायलाच तयार नव्हती.

मग फोंताइन्यास. पिवळी, निळी, लाल घरं, अरुंद गल्ल्या. मोठी बस आत शिरूच शकत नाही. गल्लीच्या तोंडाशी गाईड थांबले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "इथे लोक राहतात. दारात बसून, खिडकीला टेकून फोटो नको. दुपारची झोपेची वेळ आहे." टुरिस्टांच्या गोंगाटाला तिथले रहिवासी वैतागलेले आहेत, काही घरांवर फोटो काढू नका अशा पाट्या आहेत.

मंडळी, ज्या जागेवर तुमचा धंदा उभा आहे, तिथल्या माणसांना तुमचा त्रास झाला तर धंदा फार दिवस चालत नाही. दुकानासमोर गिऱ्हाइकाची गाडी शेजाऱ्याच्या दारात लावली की काय होतं, ते दुकानदाराला वेगळं सांगायला नको.

बोटीवरचा शेवटचा तास

आता मुख्य गोष्ट. सगळ्यांनी टूर घेतली होती ती संध्याकाळच्या बोटीसाठी. जाहिरातीत पहिला फोटो बोटीचा. पाच वाजता आम्ही मांडवीच्या पुलाजवळच्या सांता मोनिका जेटीवर पोचलो. तिकिटं आधीच काढलेली होती, रांग टळली. गाईडने तिकिटं हातात दिली आणि म्हणाले, "मी इथेच थांबतो, परत आलात की गाडी समोर असेल." एक तिकीट वाचवायचं म्हणून ते बोटीवर आले नाहीत.

बोट मोठी, शे-दोनशे माणसं. आमचा नऊ जणांचा ग्रुप त्या गर्दीत विरघळून गेला. स्टेजवर फुगडी, देखणी, कोरिडिन्यो असे नाच झाले, ते छान होते. पण मधल्या वेळात डीजे, आणि आवाज एवढा की शेजारचा काय बोलतोय ते कळेना. आक्का दोन्ही कानांवर हात ठेवून बसल्या. काकू हळूच म्हणाल्या, "मला वाटलं होतं शांत नदी असेल."

शांत नदी होती, पण ती दाखवायला कोणी नव्हतं. बोटीच्या पुढच्या टोकाला आवाज कमी होता. तिथून एका बाजूला पणजीचा काठ, कांपालला चार्ल्स कोरिया यांनी उभारलेली कला अकादमी, समोरच्या तीरावर रेइश मागुशचा किल्ला, कॅसिनोच्या बोटी, आणि पुढे नदी समुद्राला मिळते तिथे मावळणारा सूर्य. मागे वळलं की मांडवीवरचे पूल. 1986 च्या पावसाळ्यात यातला जुना पूल कोसळला होता आणि पणजीचा पलीकडच्या बार्देशशी रस्त्याने थेट संपर्क तुटला होता. किती गोष्टी सांगता आल्या असत्या! शेवटी आमच्या पोरानेच आक्कांचा हात धरला आणि त्यांना पुढच्या टोकाला नेऊन बसवलं. बेळगावची मुलंही मागोमाग आली. जे त्याला माहीत होतं ते त्याने मराठीत सांगितलं. हीच मांडवी वर म्हादई म्हणून कर्नाटकातून उगम पावून येते, हे ऐकून बेळगावच्या वडिलांनी म्हादईच्या पाण्याच्या वादाचा विषय काढला आणि गप्पा रंगल्या.

उतरताना आक्का त्याला म्हणाल्या, "बाळ, तू यांच्याकडे कामाला आहेस का?"

त्या रात्री परत येताना मी त्याला विचारलं, आज काय शिकलास? म्हणाला, "दादा, दिवसभर त्यांनी एवढं चांगलं केलं, आणि ज्या तासासाठी लोकांनी पैसे दिले त्या तासाला ते हजरच नव्हते."

मला हेच म्हणायचं होतं. बोट तुमची नसते, डीजे तुमचा नसतो, उशीर तुमच्या हातात नसतो. पण गिऱ्हाइकाला घरी जाताना शेवटचा तासच आठवतो, आणि नाव तुमचं लागतं. दुसऱ्याची सेवा तुम्ही विकत असाल तर त्या वेळी तिथे तुमचा माणूस पाहिजे. एका तिकिटाचा खर्च वाचवून दिवसभराची कमाई घालवू नका.

आता वही उघडा: आकडे

खालचे आकडे समजण्यासाठी घेतलेत. तुमच्या गावचे दर वेगळे असतील, ते स्वतः विचारून भरा. रीत मात्र हीच ठेवा.

समजा गाडी भाड्याने घेतली, ड्रायव्हर-डिझेलसकट 5,500 रुपये. गाईड 1,500. पार्किंग, टोल, पाणी 500. एकूण 7,500. माणूस एक आला काय, बारा आले काय, हा खर्च होणारच. याला ठोक खर्च म्हणू.

आता माणशी खर्च. बोटीचं तिकीट 500, जेवण 250. दर 1,800 ठेवला आणि बुकिंग साइटवरून गिऱ्हाईक आलं, तर 15 टक्के कमिशन म्हणजे 270. पेमेंटचा वगैरे खर्च 30. बेरीज 1,050. म्हणजे एका माणसामागे हातात राहिले 750.

7,500 भागिले 750, उत्तर 10. दहा माणसं आली तर खर्च निघाला. फायदा फक्त शेवटच्या दोन सीटचा, 1,500 रुपये. आमच्या टूरमध्ये नऊ माणसं होती. या हिशोबाने तो दिवस तोट्याचा!

आता एकेक गोष्ट बदलून बघा:

- जेवण बाहेर काढलं: माणशी हातात 1,000. ब्रेक-इव्हन 8 माणसं.
- जेवण ठेवलं, पण बुकिंग थेट आलं, कमिशन शून्य: माणशी 1,020. ब्रेक-इव्हन पुन्हा 8.
- काहीच बदललं नाही, फक्त दर 2,200 केला: कमिशन 330 होतं, माणशी 1,090 राहतात. ब्रेक-इव्हन 7 माणसं.

माझ्या दुकानात आज वही विकली नाही तर ती उद्या विकली जाते. टूरची सीट म्हणजे फुलवाल्याचा गजरा. संध्याकाळी राहिला तर राहिला. नऊ वाजता गाडी निघाली की रिकाम्या सीटची किंमत शून्य. त्यामुळे या धंद्यात पहिला प्रश्न "किती नफा मिळेल" हा नाही. "किती माणसांवर माझा खर्च निघतो, आणि तेवढी माणसं पावसाळ्यातल्या मंगळवारी मला मिळतील का" हा आहे.

स्वतःची गाडी की भाड्याची?

पंधरा लाखांचं कर्ज, 11 टक्के व्याज, पाच वर्षं धरू. हप्ता येतो साधारण 32,600. ड्रायव्हरचा पगार 18,000. विमा, टॅक्स, परमिट, टायर, सर्व्हिसिंग यांची महिन्याची सरासरी 12,000 धरा. झाले 62,600. हे गाडी जागची हलण्याआधी.

भाड्याची गाडी एका फेरीला 5,500. स्वतःच्या गाडीला त्या फेरीचं डिझेल 1,500 लागलं असं धरा. म्हणजे स्वतःची गाडी असली तर एका फेरीमागे 4,000 वाचतात. 62,600 भागिले 4,000, उत्तर 15.65. महिन्याला 16 फेऱ्या होत असतील तरच स्वतःची गाडी परवडते. 15 झाल्या तर भाड्याची स्वस्त. आणि हे बारा महिने, जून-जुलै-ऑगस्ट धरून.

पोराने हे गणित खानावळीच्या बिलामागे स्वतःच्या हाताने केलं. आठ फेऱ्या धरून बघितल्या. एका फेरीला गाडीचाच खर्च 9,325 आला. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "बाबांना आज रात्रीच फोन करतो."

कागदपत्रं, थोडक्यात

- पांढऱ्या नंबर प्लेटच्या खाजगी गाडीतून पैसे घेऊन माणसं न्यायची नाहीत. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. पिवळ्या प्लेटची गाडी आणि राज्याबाहेर जाणार असाल तर ऑल इंडिया टुरिस्ट परमिट.
- गोव्यात ट्रॅव्हल एजंट, गाईड यांच्यासाठी 1982 चा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायदा आहे. तिथला नोंदणीकृत गाईडच घ्या. आणि बाहेरच्या गाडीने गोव्यातलं स्थानिक भाडं मारायच्या भानगडीत पडू नका. तिथल्या टॅक्सीवाल्यांचं पोट त्यावर आहे.
- उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे. त्यासाठी पैसे मागणाऱ्या साइटपासून लांब राहा.
- मुद्रा कर्ज शिशु गटात 50,000 पर्यंत, किशोर गटात 5 लाखांपर्यंत, तरुण गटात 10 लाखांपर्यंत. मिळतंय म्हणून जास्त घेऊ नका.
- जीएसटीचं सीएला विचारा, माझ्यावर किंवा कुठल्याही व्हिडिओवर अवलंबून राहू नका.
- बोटीवर लाईफ जॅकेट कुठे ठेवलीत हे चढताना स्वतः बघा आणि गिऱ्हाइकाला दाखवा.

पुढे काय झालं

पोराने गाडी घेतली नाही. नोकरी सोडली नाही. शनिवार किंवा रविवार, आठवड्याला एकच फेरी ठरवली. गाडी ओळखीच्याची, पिवळ्या प्लेटची, भाड्याने. गाईड गोव्यातला. आणि स्वतः यजमान म्हणून बोटीवर. त्याचं एक तिकीट धरून ठोक खर्च 8,000. दर 2,000, जेवण बाहेर, बुकिंग थेट आसपासच्या होमस्टेवाल्यांकडून. माणशी हातात 1,500. बोर्डवर एकच गोष्ट ठळक: पूर्ण दिवस मराठीत, आजी-आजोबांच्या वेगाने.

ही त्याची वेगळी ओळख. गोव्यात टूर शेकडो असतील, पण आक्कांसाठी कुठली आहे?

सहा आठवड्यांचा हिशोब त्याच्या परवानगीने देतो. पहिल्या फेरीत 4 माणसं, 2,000 तोटा. दुसरीत 6, फायदा 1,000. तिसरीत 5, तोटा 500. चौथीत 8, फायदा 4,000. पाचव्या आठवड्यात दोनच बुकिंग आली, त्याने दोन दिवस आधी फोन करून पूर्ण पैसे परत केले. सहाव्यात 9 माणसं, फायदा 5,500. सहा आठवड्यांत निव्वळ 8,000 रुपये.

कोणी म्हणेल, एवढंच? हो, एवढंच. दीड महिन्याच्या कष्टाला 8,000 ही मोठी कमाई नाही, आणि ती मोठी करून सांगायचा माझा इरादा नाही. पण त्याच दीड महिन्यात स्वतःची गाडी असती तर किमान एक हप्ता, ड्रायव्हरचा पगार आणि बाकीचा खर्च बाबांच्या पैशातून गेला असता. आज बाबांचे चार लाख बँकेत जसेच्या तसे आहेत. पोराकडे सहा होमस्टेवाल्यांचे नंबर आहेत, एकोणीस वेळा सुधारलेलं वेळापत्रक आहे, आणि पाच वेळा केलेल्या धंद्याचा खरा आकडा आहे. सलग तीन महिने 16 फेऱ्या भरल्या तर गाडीचा विचार, असं त्याने स्वतःच ठरवलंय. कदाचित तो दिवस येईल, कदाचित येणारही नाही. दोन्हीत घर शाबूत राहील.

तुमचा गृहपाठ

टूरचाच धंदा करायचा असेल असं नाही. खानावळ असो, पार्लर असो, क्लास असो, या आठवड्यात एवढं करा:

1. तुम्हाला जो धंदा करायचाय, त्यातलं एक चांगलं दुकान निवडा आणि पूर्ण पैसे भरून गिऱ्हाईक व्हा. फुकट बघायला जाऊ नका, पैसे दिल्याशिवाय राग कुठे येतो ते कळत नाही.
2. सुरुवातीपासून शेवटपर्यंत घड्याळ लावून वेळा लिहा. कुठे वाट बघावी लागली, कुठे कोणी मदत केली.
3. मालकाच्या हातात नसलेली गोष्ट कोणती, ते शोधा. तिथे तुम्ही काय कराल ते लिहा.
4. ठोक खर्च आणि माणशी खर्च वेगळे काढा. किती गिऱ्हाइकांवर खर्च निघतो, हा एक आकडा पाठ करा.
5. मशीन, गाडी, जागा, जे विकत घ्यायचंय ते आधी पाच वेळा भाड्याने घेऊन बघा.

आकडे भरले की वहीच्या पानाचा फोटो पाठवा. पुढच्या रविवारच्या लाइव्हमध्ये तीन वह्या घेऊन सगळ्यांसमोर गणित सोडवू, नाव न सांगता. आणि कर्जाच्या कागदावर उद्या सही करायची असेल, तर आज रात्री एकदा घरच्यांसोबत बसून तो भागाकार करून बघा.

चला, दुकान उघडायची वेळ झाली. भेटू रविवारी.